शितावरून शहर

शितावरून भाताची परीक्षा करावी, ही आपल्या घरोघरची जुनी रीत. पातेल्यातले एक शीत दोन बोटांत दाबून पाहिले की सगळा भात शिजला की नाही हे गृहिणी सांगते, आणि तिचे सांगणे सहसा चुकत नाही. परंतु त्याच शितावरून हा तांदूळ आंबेमोहोर की चिन्नोर, मावळातला की भंडाऱ्याकडचा, हे सांगा असे म्हटले तर पुष्कळजणी विचारात पडतील. एखादीच आजी ते शीत नाकाशी नेऊन बेलाशक उत्तर देईल. हल्ली शहरांच्या बाबतीत हाच खेळ चालू आहे. एखाद्या इमारतीच्या लहानशा भागाचे छायाचित्र समोर ठेवायचे—खिडकीची चौकट, गजांची नक्षी, तुळईखालचा लाकडी घोडा, जिन्याचा कठडा, एवढेच—आणि विचारायचे, ‘ओळखा पाहू, हे गाव कोणते?’

प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यापासून ह्या खेळाला भरती आली आहे. स्वीडनमधील अँटन वॉलेन ह्या तरुणाने २०१३ साली ‘जिओगेसर’ नावाचा संगणकावरचा खेळ काढला. त्यात खेळणाऱ्याला जगातल्या कुठल्यातरी रस्त्यावर नेऊन सोडतात आणि आपण कोठे आहो ते ओळखायला लावतात. त्यातले पटाईत लोक विजेच्या खांबावरून, रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून देश सांगतात. दिवाळीच्या सुटीत जमलेली भावंडे फराळाचे ताट पुढ्यात घेऊन असला खेळ मांडून बसलेली आपणही पाहिली असतील. वडीलधाऱ्यांना तो रिकामटेकडेपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. हा खेळ म्हणजे समीक्षेचाच एक प्रकार आहे, असे माझे मत आहे. आणि समीक्षेत जे गुणदोष संभवतात ते सगळे ह्या खेळातही संभवतात. त्यांचा थोडा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

१

केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्‌स ह्यांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना त्यांनी कविता दिल्या, पण त्यांवरची कवींची नावे काढून टाकली आणि मते लिहून मागितली. नामवंत कवींच्या कविता विद्यार्थ्यांनी टाकाऊ ठरविल्या आणि सामान्य कवितांना डोक्यावर घेतले. त्या अभिप्रायांवर आधारलेला रिचर्ड्‌स ह्यांचा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला आणि साहित्याच्या अध्यापनाला त्याने नवे वळण दिले. नाव निघून गेले की वाचक आपल्या डोळ्यांवर येऊन पडतो. आणि ते डोळे किती उसने होते, हे तेव्हाच कळते.

शहराचे नाव झाकून ठेवलेले छायाचित्र नेमके हेच करते. ‘पॅरिस’ असे खाली छापलेले असले की साधा लोखंडी सज्जाही आपल्याला मोहक वाटू लागतो. नाव काढून घ्या, म्हणजे तोच सज्जा आपल्याशी बोलेनासा होतो. त्याला बोलते करावयाचे तर बघण्याची काही पद्धत पाहिजे.

ती पद्धत चित्रकलेच्या क्षेत्रात एका इटालियन गृहस्थाने घालून दिली. जोव्हान्नी मोरेल्ली हा मूळचा वैद्यकाचा विद्यार्थी. १८७४ ते १८७६ ह्या काळात त्याने एक रशियन वाटणारे टोपणनाव घेऊन काही लेख लिहिले. जुने चित्र कोणत्या चित्रकाराचे हे ठरविताना सारे जाणकार चेहऱ्यावरचे भाव, देहाचा डौल, रचनेची भव्यता बघत. मोरेल्ली म्हणाला, ह्याच गोष्टींची तर नक्कल होते. तुम्ही कान बघा, बोटांची नखे बघा. चित्रकार तेथे बेसावध असतो, हात नेहमीच्या सवयीने फिरतो, आणि ती सवय दुसऱ्याला उचलता येत नाही.

शहर ओळखण्याच्या खेळाचेही मर्म ह्यातच आहे. शहराचा चेहरा बघू नये. शहराचे कान आणि नखे बघावीत.

२

हे तत्त्व मुंबईवर घासून पाहू. समजा, एका भव्य घुमटाचे छायाचित्र समोर आले. ज्याने शाळेत इतिहासाचे पुस्तक लक्ष देऊन वाचले आहे तो लगेच म्हणेल, ‘विजापूर! गोलघुमट!’ आणि तो चुकण्याचा बराच संभव आहे. कारण मुंबईच्या बड्या पोस्टाची १९१३ साली पुरी झालेली इमारत जॉन बेग ह्यांनी आखली, आणि तिचा घुमट गोलघुमटावरूनच बेतला. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जॉर्ज विटेट ह्यांनी आखले. त्याची कोनशिला १९०५ सालची, आणि त्याच्याही घुमटाचे कूळ विजापूरचेच. घुमट हा इमारतीचा चेहरा. तो उसना आणता येतो.

आता नजर खाली आणा आणि भिंतीचा दगड बघा. म्युझियमच्या भिंतीत कुर्ल्याचा करडा दगड आहे आणि त्याच्या जोडीला मालाडचा पिवळसर दगड आहे. दगड ही उचलून आणण्याची हौस नव्हे. ती खर्चाची बाब आहे. जवळच्या खाणीत जो मिळतो तोच गाडीभाड्याला परवडतो. मालाडचा तो पिवळट रंग ओळखता आला की घुमट कितीही विजापुरी असो, आपण मुंबईतच उभे आहो ह्याविषयी शंका राहत नाही. चेहरा आखणाऱ्याच्या मनातून येतो आणि दगड पायाखालच्या जमिनीतून.

दुसरे उदाहरण राजाबाई टॉवरचे घेऊ. १८७८ साली पुऱ्या झालेल्या ह्या मनोऱ्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्यांनी लंडनमध्ये बसून केला; मुंबईत त्यांनी कधी पाऊल टाकले नाही. टोकदार कमानी आणि उभट खिडक्या बघितल्या तर तो इंग्लंडातील एखाद्या विद्यापीठात सहज खपून जाईल. परंतु वरच्या अंगाला बघा. तेथे पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे उभे आहेत. ज्याने मुंबई पाहिली नाही त्याच्या आराखड्यावर, जे मुंबईच्या रस्त्यावरून रोज हिंडत होते त्यांनी अशी सही केली.

बोरीबंदरच्या स्थानकातही हेच घडले. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स ह्यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ ह्या दहा वर्षांत ती इमारत उभी राहिली, आणि २००४ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह व दुसरीकडे वाघ बसविला आहे. सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान, हे राज्यकर्त्यांचे ठरवून केलेले भाषण. ते चेहऱ्याचे काम झाले. पण आतबाहेर जी पानेफुले आणि पशुपक्षी कोरले आहेत त्यांत मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात फिरलेला आहे, आणि तो हात आपल्या झाडांची पाने ओळखणारा होता. हायकोर्टाच्या इमारतीवर तर एका डोळ्याला पट्टी बांधलेले माकड हातात न्यायाचा तराजू धरून बसले आहे! त्यामागची दंतकथा खरी असो वा नसो, लंडनहून आलेल्या कुठल्याही आराखड्यात ते माकड असण्याचे कारण नाही. शहर कोपऱ्यात बसून हसते ते असे.

मरीन ड्राइव्हच्या बाबतीत कसोटी अधिक अवघड होते. गोलाकार वळलेले सज्जे, जहाजाच्या भोकांसारख्या खिडक्या, भिंतीवरून आडवे धावणारे पट्टे—हे बघून एखादा मियामी म्हणाला तर त्याला हसू नये. १९३० नंतरच्या दहापंधरा वर्षांत ती तऱ्हा साऱ्या जगभर पसरली होती. रीगल चित्रपटगृह १९३३ सालचे, इरॉस १९३८ सालचे. मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि ह्या आर्ट डेको इमारतींच्या समूहालाही २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. येथेही ‘नखे’ शोधावीत. फोर्टमधल्या न्यू इंडिया विमा कंपनीच्या १९३६ सालच्या इमारतीवर शिल्पकार नारायण गणेश पानसरे ह्यांनी कोरलेली कष्टकरी माणसे आहेत. फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एका विमा कंपनीच्या इमारतीच्या माथ्यावर तर खुद्द लक्ष्मी उभी आहे. आणि खिडकीवरचे ते पुढे आलेले छज्जे? मियामीत ते उन्हासाठी असतील. मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते खरोखर कामाला लागतात.

३

इतके झाल्यावर असे वाटेल की चेहरा सोडावा आणि बारीकसारीक भाग धरावेत, म्हणजे झाले. पण मोरेल्लीचा हा मंत्र शहरांना जसाच्या तसा लागू पडत नाही. चित्रकाराचे कान चित्रातून उठून दुसऱ्या चित्रात जात नाहीत. इमारतींचे भाग मात्र खुशाल प्रवासाला निघतात.

एका देवळातल्या घंटेचे चित्र कल्पनेने समोर आणा. भोवती काळ्या दगडाचे खांब आहेत आणि घंटेवर चक्क क्रूस आहे. हे कोठले? वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकला. पोर्तुगीजांच्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी आपल्या मुलखात आणल्या आणि देवांपुढे टांगल्या. भीमाशंकरला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, अशा घंटा आजही पहावयास मिळतात. ‘गोवा’ म्हणणारा येथे चुकतो आणि ‘पोर्तुगाल’ म्हणणाराही चुकतो. परंतु दोघांच्याही चुकीत अर्धे सत्य आहे.

सुरूच्या आकाराचे लाकडी खांब घ्या. खाली फुगीर, वर निमुळते होत गेलेले, आणि माथ्यावर लोंबते केळफूल. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली बांधून पुरा केला. त्याच्या रस्त्यावरच्या सज्जात असे खांब आहेत, आणि ते बघितले की कोणीही पुणेकर छाती काढून ‘आमचे’ म्हणेल. पण ह्या खांबाचे मूळ उत्तरेकडच्या मोगल इमारतींत आहे. तो तेथून दक्षिणेत आला, वाड्यांत रुळला, आणि मराठी सरदारांबरोबर पुन्हा नर्मदेकाठी गेला. महेश्वरला आणि इंदूरला होळकरांच्या वाड्यांत तो भेटतो. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी. १९८४ सालच्या आगीत त्याची फार हानी झाली. असा खांब एका गावाचा कसा म्हणावा? तो एका वाटेचा आहे.

शिंपल्यांच्या खिडक्या बघून सारे जण गोव्याचे नाव घेतात. लाकडी चौकटींत चपटे, अर्धपारदर्शक शिंपले सरकवून केलेली ती दुधट उजेडाची तावदाने खरोखरच गोव्याच्या जुन्या घरांचे भूषण आहेत. पण अगदी तशीच तावदाने फिलिपीन्समधल्या जुन्या घरांना आहेत. तीच गोष्ट मंगळुरी कौलांची. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि तेथून कोकण, गोवा, मुंबई करीत ते लाल कौल समुद्रापलीकडे पूर्व आफ्रिकेपर्यंत पोहोचले. मुंबईतल्या जुन्या वॉट्‌सन हॉटेलचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात डर्बी येथे ओतला गेला आणि जहाजातून येथे आणून जोडण्यात आला. आणि उलट दिशेचाही प्रवास आहे: न्यूयॉर्कच्या रस्त्यातील गटारांवरच्या कित्येक लोखंडी झाकणांवर ‘मेड इन इंडिया’ असे ठसठशीत लिहिलेले असते, कारण ती झाकणे हावड्याच्या भट्ट्यांत ओतलेली आहेत. झाकणावरचे अक्षर वाचून जो ‘कलकत्ता’ म्हणेल त्याला न्यूयॉर्कच्या फुटपाथवर उभे करून काय शिक्षा द्यावी?

शिक्षा देऊ नये, असे मी म्हणेन. घरच्या मंडळींत हा खेळ चालतो तेव्हा परीक्षकाचे काम बहुधा माझ्याकडे येते. तेव्हा मी निम्मे गुण गावाच्या नावाला ठेवतो आणि निम्मे कारणाला. नुसते ‘गोवा’ म्हणून बरोबर आलेल्या उत्तरापेक्षा ‘शिंपले आहेत, म्हणजे समुद्रकाठ, काच महाग असेल किंवा मिळत नसेल, म्हणून गोवा’ हे उत्तर मला अधिक मोलाचे वाटते, मग ते चित्र मनिलाचे का निघेना. कवितेखालचे नाव ओळखणे ही रसिकता नाही. ती स्मरणशक्ती आहे. ओळ अशी का झाली हे उमगणे, ही रसिकता.

दिवाळीचा अंक आहे, तेव्हा दीपमाळेचे उदाहरण दिल्यावाचून पुढे जाववत नाही. देशावरच्या देवळापुढची दीपमाळ म्हणजे घडीव दगडाचा निमुळता खांब, आणि त्याला पणत्या ठेवण्यासाठी चहूबाजूंनी काढलेले दगडी हात. जेजुरीच्या पायऱ्या चढताना अशा कितीतरी दीपमाळा लागतात. गोव्यातला दीपस्तंभ बघा: चुन्याने लिंपलेला, अष्टकोनी, मजल्यावर मजले चढविलेला, मजल्यामजल्याला कमानीचे कोनाडे, मंगेशीचा तर सात मजली आहे. शेजारच्या चर्चच्या मनोऱ्याची छाया त्याच्यावर पडलेली आहे हे कोणालाही दिसेल. दोन्हींचे काम एकच, त्रिपुरी पौर्णिमेला उजळण्याचे. दिवा तोच, तेल तेच. पण एकीकडे पाथरवटाच्या छिन्नीने आकार दिला, दुसरीकडे गवंड्याच्या थापीने. ह्या दोन चित्रांतला फरक दहा वर्षांच्या मुलालाही सांगता येतो, आणि तो सांगता सांगता साडेचारशे वर्षांचा इतिहास त्याच्या हाती लागतो.

४

जे भाग हौसेने केलेले नसतात ते अधिक खरे बोलतात. लंडनमध्ये जुन्या घरांच्या काही खिडक्या विटांनी बुजविलेल्या दिसतात. इंग्लंडात १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या तितका कर जास्त. लोकांनी उजेड बुजविला आणि पैसे वाचविले. तथापि येथेही सावध राहावे लागते, कारण काही आंधळ्या खिडक्या केवळ दर्शनी बाजूचा तोल साधण्यासाठी मुळातच तशा बांधलेल्या आहेत. आम्स्टरडॅमच्या कालव्यांवरील घरांच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिला आकडा असतो. जिने इतके अरुंद की सामान खिडकीतूनच वर ओढून घ्यावे लागते. आणि ते भिंतीवर आपटू नये म्हणून दर्शनी भिंत किंचित पुढे झुकविलेली. पॅरिसमध्ये १८५३ ते १८७० ह्या काळात ओस्मान ह्यांनी जुनी वस्ती पाडून जे हमरस्ते आखले, त्यांवरच्या घरांना दुसऱ्या आणि पाचव्या मजल्यांवर सलग लोखंडी सज्जा असतो, आणि तो शेजारच्या घराच्या सज्जाशी एका रेषेत येतो. कर, जिना आणि नियम. शहराचा स्वभाव ह्या तीन रुक्ष गोष्टींतून घडतो. नक्षी नंतर येते.

मग आमच्या आजच्या शहरांचे काय? पुष्कळांची तक्रार असते की नव्या इमारती ओळखताच येत नाहीत. निळ्या-हिरव्या काचेची भिंत, अल्युमिनियमच्या चौकटी. हे हिंजवडी असेल, गुरुग्राम असेल, किंवा बंगळूर. ही तक्रार खरी आहे. कुर्ल्याच्या खाणीचा, पावसाचा, सुताराच्या हाताचा त्या भिंतीशी काही संबंध उरलेला नाही. पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून काच लावायची आणि मग ती थंड ठेवण्यासाठी रात्रंदिवस यंत्रे चालवायची, ह्यात जो विचाराचा अभाव आहे तो कुठल्याही शहराचा असू शकतो. म्हणूनच त्या भिंतीचे चित्र कुठल्याही शहराचे असू शकते.

पण ‘जुने ते सोने’ म्हणून जे उसासे टाकले जातात त्यांत मी सामील होऊ शकत नाही, आणि त्याचे कारण ह्या खेळाच्याच एका दोषात आहे. तपशिलाची छायाचित्रे काढणारे लोक मोठ्या आवडीने जे टिपतात ते बहुतेक श्रीमंतांच्या घरांचे असते. कोरीव खांब, रंगीत तावदाने, ओतीव कठडे. खोल्यांपुढून जाणारी चाळीची लांब गॅलरी, तिचा हातांनी गुळगुळीत झालेला कठडा आणि सार्वजनिक नळापाशी झिजलेली फरशी, ह्यांइतके मुंबईचे असे दुसरे काही नाही. पण ते चित्र ‘सुंदर’ नाही म्हणून मागे पडते. आणि हल्ली जेव्हा ते काढले जाते तेव्हा त्यात एक नवा धोका येतो: राहणाऱ्याला जे जाचक, ते पाहणाऱ्याला रम्य वाटू लागते.

बी. डी. डी. चाळींचे बघा. १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मुंबई सरकारने ह्या २०७ चाळी उठविल्या. गिरणीतल्या आणि गोदीतल्या माणसांच्या पिढ्या तेथे १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढल्या. शौचालय मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या मनोऱ्याच्या खिडकीचे चित्र दाखवून ‘ओळखा शहर’ म्हटले तर कोणी ओळखू शकणार नाही, हे मान्य. परंतु ज्या म्हातारीला रात्री अंधाऱ्या गॅलरीतून चालत जावे लागत होते, तिला आता तसे जावे लागत नाही. आपल्या चित्रासाठी तिने ती गॅलरी सांभाळत बसावे असे म्हणण्याचा अधिकार कोणत्या रसिकाला आहे? शहराची ओळख राहिली पाहिजे, हे खरे. पण ती ओळख राहणाऱ्याच्या अंगावर गोंदवून ठेवण्याची वस्तू नव्हे.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: सुखसोय आली की ओळख जाणारच काय? मला तसे वाटत नाही. लंडनच्या बुजविलेल्या खिडकीला कोणी ‘वास्तुकला’ म्हणून जन्म दिला नव्हता. माणसे नियमाशी, हवेशी आणि गरजेशी झगडताना जे करून बसतात तेच पुढे ओळख होऊन बसते. मुंबईतल्या कालपरवाच्या इमारतींकडे ह्या नजरेने बघा. घर लहान, म्हणून बाल्कनी काचा लावून खोलीत घेतलेली आहे. खिडकीला बाहेर काढलेली पेटीसारखी लोखंडी जाळी आहे. तिच्यात तुळशीची कुंडी, लोणच्याची बरणी आणि मुलांचे बूट शेजारी शेजारी बसलेले आहेत. कपडे वाळविण्याच्या दांड्या छताला दोरीने टांगलेल्या आहेत. पाऊस आला की गच्चीवर आणि खिडक्यांवर निळे प्लॅस्टिक चढते. ह्यातले काहीही आराखड्यात नव्हते. आराखडा कुठल्याही गावाचा असेल. त्यात राहणाऱ्यांनी जी भर घातली ती मात्र दुसऱ्या गावाची असू शकत नाही. पूर्वी गवंडी आणि सुतार शहराची सही करीत. आता ती बिऱ्हाडकरू करतो, आणि पुष्कळदा सोसायटीच्या चिटणिसाचा रोष पत्करून करतो.

ती सही सुंदर आहे, असे मी म्हणत नाही. समीक्षकाने खरे आणि सुंदर ह्यांची गल्लत करू नये. पेटीची जाळी कुरूप आहे, आणि आग लागली तर घातकही. पण ती एक मागणी आहे: आम्हांला बसायला ओटा हवा होता, झाडाला जागा हवी होती, पावसात उघडी ठेवता येईल अशी खिडकी हवी होती. वाड्याला ओटी होती, गोव्याच्या घराला बाहेर बसण्याचे दगडी बाक होते, चाळीला गॅलरी होती. नव्या घराला त्याऐवजी काय दिले? उद्याचा एखादा चांगला वास्तुशिल्पी ह्या जाळ्यांची छायाचित्रे समोर पसरून बसला, आणि ‘हे कोठले’ ह्यापेक्षा ‘हे का’ असे त्याने विचारले, तर पुढच्या घरांना पुन्हा स्वतःचा असा चेहरा येईल. तो जुन्यासारखा दिसणार नाही, दिसू नये. गॉथिक कमानी कोरणाऱ्या हातांनीही आपल्या आजोबांची नक्कल केली नव्हती.

५

ह्या सुटीत मुलांनी हा खेळ मांडला तर त्यांच्यापुढे परदेशांची चित्रे ठेवण्याआधी एक काम त्यांना सांगावे. आपल्याच घराचे पाच भाग त्यांनी टिपून आणावेत: उंबरा, दाराची कडी, खिडकीचे गज, जिन्याचा कठडा आणि पणती ठेवण्याची जागा. घर फ्लॅटचे असले तरी हरकत नाही. मग प्रत्येक चित्राखाली एकच वाक्य लिहावे: हे असे का आहे? उत्तर ठाऊक नसेल तर आजीला विचारावे, वॉचमनला विचारावे, कोपऱ्यावरच्या सुताराला विचारावे. ‘बिल्डरला हे स्वस्त पडले म्हणून’ असे उत्तर आले तर तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवावे. लंडनच्या खिडकीखाली तरी ह्याहून वेगळे काय लिहिता आले असते?

पाच वाक्ये भरली तर त्या घराला गाव आहे असे समजावे. एखाददुसऱ्या चित्राखालची ओळ कोरी राहिली तर ती तशीच राहू द्यावी. पणती ठेवण्याच्या जागेखालची ओळ अनेक घरांत कोरी राहील, असा माझा अंदाज आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत तेवढी एक जागा घरात काढता आली, खिडकीच्या कट्ट्यावर का होईना, तरी मी त्या मुलांना पूर्ण गुण देईन.